तेंदूची पानं कोण नेतं?

फुलचूर, १२ फेब्रुवारी २००८

कालवा निरीक्षक होतो तोवर रोजचा अहवाल लिहावा लागायचा. कोणत्या गेटमधून पाणी सुटलं, कोणी पाट फोडला, पाण्याच्या पाळीवरून कोण कोणाच्या अंगावर फावडं घेऊन धावलं. डिसेंबरात निवृत्त झालो, हारतुरे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून हाताला चैन पडेना. बायको अल्का म्हणाली, "घरचा अहवाल लिवा. तेल संपलं, गॅस संपला." मी म्हटलं, झाडाचा लिहीन.

झाड म्हणजे तेंदू. हो, तोच, बिडीच्या पानाचा. लोक वड, पिंपळ, उंबर थाळीत खुजे वाढवून बोन्साय करतात. तेंदूचं कोणी केल्याचं मी तरी ऐकलं नाही. हा खूट चोरखमाऱ्याला माझा मामेभाऊ उदाराम याच्या बांधावर होता. पानाच्या हंगामाआधी दरवर्षी तेंदूची झुडपं बुडाशी छाटतात, त्याला खूटकटाई म्हणतात. छाटलं की कोवळा पाला फुटतो आणि तोच बिडीला चालतो. वर्षानुवर्षं असं छाटून घेऊन ह्याचं बूड मांडीएवढं झालं, गाठीगाठीचं, पण उंची हातभरही नाही. उदाराम बांध सपाट करायला निघाला तेव्हा मी तो मुळासकट खणून आणला. पहिलं वर्षभर त्याने मला एक पान दाखवलं नाही. अल्का त्याच्यावर भांड्यांची फडकी वाळत घालायची.

आता तीन वर्षांनी तो माझ्या वळणावर आला आहे. पाच जूनला नागपुरात देशी झाडांच्या बोन्सायचं प्रदर्शन आहे. मागे तिथल्या बैठकीत मी तेंदूचं नाव काढलं तर एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बिडी आयतीच फांदीला लागणार का हो?" सगळे हसले. हसा म्हणावं. यंदा हा तेंदू तिथे टेबलावर ठेवणार आणि मी बाजूला हाताची घडी घालून उभा राहणार.

माय तशीच आहे.

२० फेब्रुवारी

मायचं असं एका ओळीत भागत नाही.

जानेवारीत कामठ्याला गावच्या घरी अंगण झाडता झाडता पडली. उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. आम्ही तिला इकडे फुलचूरला आणलं. पाय थोडा आला आहे, धरून बसवली तर बसते. हात मात्र लाकूड. डॉक्टर म्हणाले, जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, हाताला काम द्या. एक रबरी चेंडू दिला दाबायला. तो उजव्या हातात ठेवला की माय डाव्या हाताने उचलून फेकते. काल तो शेजारच्या केवलरामच्या अंगणात गेला.

खाण्याची तीच गत. डाव्या हाताने जेवत नाही, कारण तो हात जेवायचा नाही. अल्का भरवायला बसली की तोंड मिटून घेते. आयुष्यात तिने दुसऱ्याच्या हातून घास घेतला नाही, आता सुनेच्या हातून घ्यायचा? नुसत्या पेजेवर आणि दुधावर चाललं आहे. गळ्याची हाडं वर आली आहेत. "हातानं खाईन तवाच खाईन," एवढं एक वाक्य ती तुटकतुटक बोलली, तेही अल्काला.

बाप गेला तेव्हा मी रांगत होतो. मायने उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, बाकीचं वर्ष बिड्या वळल्या आणि त्यावर मला मॅट्रिक केलं. तिचा तो हात असा मांडीवर पडलेला मला बघवत नाही. म्हणून मी झाडाकडे बघतो. हे बरोबर नाही, पण खरं आहे.

३ मार्च

आज खूटकटाई. जंगलात कुऱ्हाडीने करतात, मी कातरीने केली. तीन फांद्या ठेवल्या, बाकी सपासप. कापलेल्या जागी हळद लावली.

माय बाजेवरून बघत होती. एरवी भिंतीकडे तोंड करून पडते, आज कातर थांबेपर्यंत इकडेच तोंड. मी विचारलं, "काय मा, जमलं का?" तिने डावा हात हलवला. म्हणजे जमलं की नाही ते कळलं नाही.

२६ मार्च

फुटला! तांबूस, मखमली कोंब. तीनही फांद्यांवर. सकाळपासून मी चारदा जाऊन आलो. साक्षी म्हणाली, "बाबा, मी झाली तवा तुमी दवाखान्यात इतक्या खेपा मारल्या होत्या काय?" पोरगी कॉलेजात गेली की जीभ फार चालते.

दुपारची वीज जाऊन राहिली आहे. आतली खोली भट्टी होते म्हणून मायची बाज आता दिवसभर अंगणात, जांभळाखाली. बाजेच्या उजव्या अंगाला ओटा आहे आणि ओट्यावर तेंदू. त्याला सकाळचं ऊन तिथेच मिळतं. म्हणजे एका जागी बसून दोघांवर नजर ठेवता येते. सोय झाली.

४ एप्रिल

तेंदूची खोड ही की झाड वीतभर आणि पान तळहाताएवढं. बोन्सायला हे चालत नाही, पान झाडाच्या मापाचं पाहिजे. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणून फांद्यांना गुंडाळली, वळण दिलं. पाणी मोजून. शिस्त म्हणजे शिस्त.

सायंकाळी पाहिलं तर खालच्या फांदीची दोन पानं गायब.

७ एप्रिल

आणखी पानं गेली. नीट निरीक्षण केलं. देठ बुडाशी तुटलेला. चावल्याची खूण नाही, फाटल्याची नाही. मोठी, भरलेली पानं तेवढी जातात, कोवळी राहतात. नाकतोडा असता तर कुरतडलं असतं. वारा असता तर पानं खाली पडली असती. खार असावी, जांभळावर दोन आहेत.

मायला विचारलं, "मा, तू तं दिवसभर इथंच असते. खार येते काय झाडावर?"

माय म्हणाली, "हो."

"पानं तोडते?"

"हो."

साक्षीदार मिळाला. आणि माय दोन शब्द स्पष्ट बोलली, हेही नोंदवतो.

११ एप्रिल

खारीसाठी जांभळाच्या बुंध्याला पत्रा बांधला. तरी पानं गेली. आता माझा संशय केवलरामच्या बकरीवर. ती कुंपणावरून मान काढते हे मी स्वतः पाहिलं आहे. केवलराम रेल्वेत होता, त्यामुळे आवाज इंजिनाचा. मी बोलायला गेलो तर म्हणतो, "अरे यार गुलाबभाऊ, मेरी बकरी कालपासून खुटीले बांधून आहे. और उसको तेंदू आवडत पन नाई. बीडी पिती है क्या बकरी?"

मी म्हटलं, तुझी बकरी काय पिते ते तुला माहीत. शब्दाने शब्द वाढला. अल्काने येऊन मला ओढून नेलं. आत आल्यावर म्हणाली, "चार पानासाठी शेजार तोडून राह्यले तुमी. मायनं आज अर्धी वाटी पेज स्वतः होऊन मांगतली, ते कोनाले सांगू मी?"

सांग ना, मी कुठे नाही म्हटलं. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात गोळी बदलली, तिचा गुण असणार.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग पांढऱ्या कपड्यात मिरवणूक. मायला बाजेसकट दारापर्यंत आणलं. मिरवणुकीतल्या एका बाईने तिच्या हातात झेंडूचं फूल दिलं. साक्षी मागाहून म्हणाली, "बाबा, आजीनं फूल उजव्या हातानं धरलं."

डाव्या असेल. गर्दीत काय दिसतं.

मायला आज मी निळ्या काठाच्या साडीत पाहिलं, डोळ्यात जरा पाणी आलं. मिरवणुकीत धूळ फार होती.

१८ एप्रिल

चोर सापडत नाही म्हटल्यावर बंदोबस्त केला. बाभळीच्या काटेरी डहाळ्या आणून कुंडीभोवती रचल्या. आता खार येवो, बकरी येवो, नाहीतर खुद्द वनखात्याचा हत्ती येवो.

१९ एप्रिल

मायच्या उजव्या हाताच्या बोटाला ओरखडे, अंगठ्याला रक्त. अल्का घाबरली. मी बाज तपासली; पायाशी एक खिळा वर आला होता, तोच लागला असणार. हातोडीने ठोकून बसवला. साक्षी म्हणते, "मी हळद लावत होती तं आजीनं हात मांगं घेतला बाबा. झटकन. मी पाह्यलं ना."

लाकडाला कुठे दुखतं? पण पोरीला काही बोललो नाही. तिला आशा आहे तर राहू दे.

मायने काटे बघून माझ्याकडे बघितलं, मी लहानपणी शेजारची बोरं पाडली की बघायची तसं. का ते कळलं नाही.

२४ एप्रिल

गेले चार-पाच दिवस पानं जाणं कमी, पण थांबलेलं नाही. काट्यांच्या आत हात घालून तोडावं तशी तोडलेली. चोर चिवट आहे.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. ज्या जागची पानं गेली तिथे आता जी नवी फुटतात ती बारीक आहेत. सुबक, बोटभर. हे माझ्या तारेचं आणि मोजक्या पाण्याचं फळ. प्रदर्शन भरवणाऱ्या नागपूरच्या मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "रामटेके साहेब, तेंदूची एवढी लहान पानं? मला बघायचंच आहे!" दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

मायचं बरं चाललं आहे. अल्का सांगते की पोह्याचा चिवडा वाटीत ठेवला होता, तो संपला. कसा संपला ते तिने पाहिलं नाही. आम्ही बघत असलो की माय हात पदराखाली ठेवते.

२९ एप्रिल

आज शेंड्याचं पान गेलं. शेंड्याचं! झाडाचा तोल गेल्यासारखा दिसतो. प्रदर्शनाला महिना राहिला आहे. आता दयामाया नाही. तेंदू गच्चीवर नेतो. वर जाळी मारली आहे, दार आहे, दाराला कडी आहे.

अल्का मधे पडली. "राहू द्या ना खालीच. मायचं मन लागून राह्यते त्याच्यात. दिवसभर त्याच्याकडंच तोंड करून बसते."

मी म्हटलं, "पाच जूननंतर आणतो ना खाली. मंग रोज बघ म्हना."

कुंडी उचलली तेव्हा माय म्हणाली, "नेऊ नको." अगदी स्पष्ट. मी तिच्याजवळ बसलो, समजावलं. "मा, हे तुहंच झाड आहे. तुह्याच पानाचं. नागपूरले नेऊन दाखवतो लोकायले. चोर लागला आहे ना याले." ती काहीतरी बोलायला गेली, जीभ अडली. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

वाईट वाटलं. पण झाड वाचलं पाहिजे की नाही?

८ मे

गच्चीवर एक पान गेलेलं नाही. बघितलंत? म्हणजे चोर खालचाच होता. झाड असं भरलं आहे की माझीच दृष्ट लागायची. वर कोवळी तांबूस, खाली हिरवी, आणि सगळी बारीक. बुडाच्या गाठी तेलपाणी केल्यासारख्या चमकतात.

माय सुस्त आहे. उन्हाळा आहे, सगळेच सुस्त आहेत.

१३ मे

मॅडमनी झाडाबरोबर ठेवायला चार ओळी मागितल्या. झाडाचा इतिहास वगैरे. मी चारच्या चौदा लिहिल्या. मायबद्दल लिहिलं. उन्हाळ्यात माहेरी राहून पहाटे भाकर बांधून चोरखमाऱ्याच्या जंगलात जायची, दुपारी डोक्यावर पाल्याचं ओझं घेऊन यायची, मग सावलीत बसून पानं जुळवून पुडे बांधायची. मी बाजूला बसून सुतळी कापून द्यायचो. तिची बोटं इतकी भराभर चालायची की पान कधी उचललं आणि पुड्यात कधी गेलं ते दिसायचं नाही. शेवटी लिहिलं, "हे झाड त्या हातांना अर्पण."

वाचून दाखवायला खाली गेलो तर माय झोपली होती. दिवसा झोपायला लागली आहे. हात मुठीसारखा वळला आहे, बोटं उघडायला साक्षीला तेल लावून जोर करावा लागतो. महिनाभरापूर्वी असं नव्हतं, असं साक्षी म्हणते.

बुद्धपौर्णिमा

खीर केली होती. मायने तोंड उघडलं नाही. अल्काने चमचा ओठाला लावला, खीर हनुवटीवरून ओघळली. अल्का तिथेच रडायला लागली. "काऊन व माय, काऊन असं करून राहिली? माह्यं काही चुकलं काय?"

डॉक्टर घरी येऊन गेले. सलाईन लावलं. मला बाहेर घेऊन म्हणाले, वय झालं आहे, शरीराने मनावर घेतलं नाही तर औषध काय करणार. आठवडाभर असंच राहिलं तर तयारी ठेवा. कसली तयारी ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गच्चीवर जाऊन बसलो. झाडाला पाणी घालायचं विसरलो आणि तसाच खाली आलो.

२४ मे

आज अक्षर वाईट येईल.

साक्षी मायची गोधडी बदलत होती. गादीखाली, भिंतीच्या बाजूला, तिला पानं सापडली. माझ्या तेंदूची. वाळलेली, पण एक पान मोडलेलं नाही. एकावर एक रचलेली, सगळ्यांची पाठ एका बाजूला, सगळ्यांचे देठ एका टोकाला. आणि पदराचा दोरा काढून बांधलेला पुडा. गाठ मारलेला.

साक्षीने तो माझ्या हातात दिला. मी गाठीकडे बघत राहिलो. ती पुड्याची गाठ आहे, मी लहानपणापासून पाहिलेली. एका हाताने ती मारता येत नाही. मी आत्ता बसून करून पाहिली. नाही येत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. खारीला पत्रा लावला, बकरीवरून भांडलो, खिळा ठोकला. बाभळीचे काटे लावले मी. तिच्या बोटांपुढे काटे लावले. आणि तिने त्यातून हात घातला.

मी पोलिसासारखा ओरडत फिरत होतो म्हणून तिने लपवलं. तिला वाटलं असेल की मी रागावेन. मी रागावलोच असतो.

२५ मे

आता खरं लिहितो, हे कोणी वाचणार नाही.

काल रात्रीपासून डोक्यात एकच हिशेब आहे. पाच जूनला किती दिवस उरले, आणि तोवर माय निभेल का. प्रदर्शन करून झाड सहा तारखेला तिच्यापुढे ठेवलं तर? हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कोणाच्या नाही. तीन वर्षं. वर ते झाड असं उभं आहे की कोणी हसणार नाही. मी नालायक माणूस आहे, पण मला झाडाचंही वाईट वाटतं.

साक्षीने जास्वंदाची कुंडी बाजेजवळ ठेवून पाहिली. मायने ढुंकूनही पाहिलं नाही. अल्काला मी म्हटलं, "जंगलातल्या तेंदूच्या डहाळ्या आणतो. पाला तं पाला आहे."

अल्का म्हणाली, "आना." तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

२७ मे

सकाळच्या बसने चोरखमारा. तलाव आटून मधे डबकं राहिलं आहे. उदाराम सोबत आला. पानाचा हंगाम संपला, पाला जून होऊन गेला होता. त्यातल्या त्यात बऱ्या डहाळ्या कापल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या. उदाराम म्हणाला, "फुफीले बरं वाटत असन तं अख्खं जंगल ने गा. पन इतक्या दुरून आनून काय कामाचा, तुह्याकडे तं झाड आहे ना?"

मी म्हटलं, ते प्रदर्शनात जायचं आहे. तो पोत्याची दोरी पुन्हा आवळत बसला.

घरी येईतो डहाळ्या माना टाकून बसल्या होत्या. बाजेच्या बाजूला बादलीत उभ्या केल्या. मायने डोळे उघडले, बघितलं. डावा हात लांब करून एक पान बोटांत धरलं, चुरगाळलं, सोडून दिलं.

"मेला," ती म्हणाली. आणि भिंतीकडे वळली.

पेजही गेली नाही आज.

२९ मे

सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर गेलो. तेंदू समोर घेऊन बसलो. फांद्यांची तार सोडली, ती आता घट्ट बसत होती. एक एक पान बघून घेतलं. मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, झाड येणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, का? मेलं का?" मी म्हटलं, "नाही हो. घरी लागतं आहे."

जिन्यावरून कुंडी खाली आणली. जड आहे, केवलरामने कुंपणावरून उडी मारून एक बाजू धरली. आमचं बोलणं बंद आहे तरी धरली. ओट्यावर ठेवली, जिथे होती तिथेच, मायच्या उजव्या अंगाला. काट्याची एकही डहाळी राहिली नाही हे दोनदा पाहिलं.

तिला उशी लावून बसवलं. ती झाडाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तोड मा. सगळा तोड. कोनी काही म्हनत नाई."

बराच वेळ काही नाही. अल्का दारात, साक्षी पायाशी, केवलराम कुंपणाजवळ. मला वाटलं, उशीर झाला. आपण उशीर केला.

मग तो हात उठला. वळलेल्या मुठीसकट उठला, थरथरला, ओट्याच्या कडेला आपटला, पुन्हा उठला. बोटं एकदम उघडली नाहीत. आधी अंगठा. मग पहिलं बोट. दोन बोटांच्या मधे देठ आला आणि पान तुटलं. आवाजही झाला, बारीकसा. तिने ते मांडीवर ठेवलं, डाव्या हाताने सरळ केलं, पाठ खाली. मग दुसरं.

अल्का तोंडाला पदर लावून आत गेली आणि भाताची थाळी घेऊन बाहेर आली. कोणी सांगितलं नव्हतं. थाळी तिने ओट्यावर नुसती ठेवली. मायने थांबून भाताकडे बघितलं. बोटं भातात गेली. अर्धा घास सांडला, अर्धा तोंडात गेला. तिने चावला. तिने पुन्हा झाडाकडे हात नेला.

खालची फांदी संपली. मधली अर्धी झाली. तिच्या कपाळावर घाम आला होता, हात खांद्यापासून कापत होता. मला ते पाहवेना. मी रडत होतो, लाज सोडून, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "बस झालं मा आता, थकली तू, उद्या तोड," आणि कुंडी तिच्यापासून जरा मागे ओढली.

"सरक," ती म्हणाली.

आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. उजव्या हाताने.

जोर काही नव्हता. भाताची शितं गालाला चिकटली, ती मी पुसली नाहीत. कुंडी पुन्हा तिच्याजवळ सरकवली. वरच्या फांदीचा पाला अजून बाकी होता.